अव्वाचा डबा

परत आलेला डबा उज्वला स्वतःच उघडायची. भांडी घासायला केवळाबाई होती, पण डबा तिच्या हाती जायच्या आधी झाकण काढून आत बघायचं काम उज्वलानं सात वर्षांत कुणाला दिलं नव्हतं. लातुरात औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत तिची खानावळ होती. बसून जेवायची सोय नाही, नुसते डबे. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला आलेली पोरं-पोरी आजूबाजूच्या हॉस्टेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहायची. उज्वलाचा नवरा वीरभद्र दुपारी एकला मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना डबे अडकवून निघायचा आणि चारच्या सुमाराला रिकामे घेऊन यायचा.

प्रत्येक डब्यावर नंबर कोरलेला होता. मुखेड, बिलोली, देगलूरकडच्या या पोरांपैकी निम्मी उज्वलानं कधी डोळ्यांनी बघितली नव्हती, पण डब्यावरून ती ओळखायची. सतरा नंबरच्या पोळ्या दोन दिवस तशाच आल्या म्हणजे पोरीला ताप. चाळीसनं भाताला हात लावला नाही म्हणजे रविवारची टेस्ट बिघडली. एकदा तेवीसचा डबा तीन दिवस भरलेला आला, तेव्हा उज्वला कणकेचे हात पुसत तिच्या हॉस्टेलवर गेली. पोरगी आतून कडी लावून बसली होती. दार वाजवून वाजवून तिला बाहेर काढलं, घरी फोन केला, आईला बोलावून घेतलं. त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव झालं.

"माणूस खोटं बोलतं," ती केवळाबाईला सांगायची, "डबा खोटं बोलत न्हाई."

मात्र भरलेला डबा परत आला की त्या दिवशी घराची खैर नसायची. मीठ जास्त पडलं का, फोडणी जळाली का, पोळी वातड झाली का, असं ती प्रत्येकाला विचारत फिरायची, आणि रात्री धड जेवायची नाही. वीरभद्र तर अशा दिवशी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशीच बंद करून हळूच आत यायचा.

२०१९च्या जूनमध्ये नवीन बॅच आली तेव्हा डबे झाले बासष्ट. त्रेसष्टावा डबा घरातच राहायचा. त्यावर नंबर नव्हता, 'अव्वा' असं कोरलेलं होतं.

अव्वा म्हणजे साखराबाई, उज्वलाची सासू. वय बहात्तर. कर्नाटकाच्या बाजूचं माणूस असल्यामुळं सगळं घर तिला अव्वाच म्हणायचं. किल्लारीच्या भूकंपात तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा धाकटा मुलगा गेला. वीरभद्र तेव्हा सोळा वर्षांचा, अंगणात झोपला होता म्हणून वाचला. थोरली नीलम्मा लग्न होऊन नायगावला गेली होती. उज्वला या घरात आली ती त्यानंतर आठ वर्षांनी, त्यामुळं तिच्या दृष्टीनं भूकंप म्हणजे भिंतीवरचे दोन हार घातलेले फोटो.

पूर्वी अव्वा स्वयंपाकघरात ताट घेऊन बसायची. खानावळ वाढली तसं मागच्या वर्षाच्या शेवटाला ते बंद पडलं. दुपारी बारा ते एक त्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. एकीकडं पोळ्यांचा ढीग, एकीकडं वरणाचं पातेलं, मधे जमिनीवर उघड्या डब्यांच्या रांगा. म्हातारीच्या पायात डबे येतील, वाफ लागेल, म्हणून उज्वलानं भांड्याच्या दुकानातून तिच्यासाठी नवा डबा आणला, नाव कोरून घेतलं आणि मागच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली. यात उज्वलाला कुठं चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट अव्वाचा डबा ती सगळ्यांच्या आधी भरायची, पोळीला तूप लावायची आणि खोलीच्या दारातून ओरडून सांगायची, "अव्वा, गरम हाय, लगेच घ्या."

"हाव, घेते," आतून आवाज यायचा.

चार वाजता अव्वाचा डबा बाहेरच्या ओट्यावर असायचा. रिकामा. बोटानं पुसून घेतल्यासारखा. बासष्टांत कुणाचा ना कुणाचा डबा दगा द्यायचा, पण हा कधी नाही.

जुलैच्या सुरुवातीला अव्वा मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण उचलताना वीरभद्र दचकला. नंतर तो उज्वलाला म्हणाला, "अगं, रिकामी घागर उचलल्यासारखं झालं."

दवाखान्यात वजन केलं. छत्तीस किलो. डॉक्टरनं जुने कागद मागितले. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या कागदावर सत्तेचाळीस होतं. डॉक्टरनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "जेवण कसं आहे यांचं?"

"एकदम चांगलं," उज्वला म्हणाली. "डबा रोज रिकामा येतो."

"डबा?"

उज्वलानं समजावून सांगितलं. डॉक्टरनं ऐकून घेतलं, रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या, छातीचा फोटो काढायला लावला. तीन दिवसांनी सगळं नॉर्मल निघालं. साखर नाही, टीबी नाही, थायरॉइड ठीक.

"बाई," डॉक्टर म्हणाला, "आत काही बिघाड नाही. आत काही पडतच नाहीये. या वयात भूक मरते, तोंडाला चव राहत नाही. डाळ, दूध, दही, दाणे, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि समोर बसून खाऊ घाला."

उज्वला अव्वाला धरून रिक्षात बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "समोर बसून म्हणे. डॉक्टरला काय जातंय सांगायला. आणि पडत न्हाई म्हणजे काय? मी काय पाठवत न्हाई का?"

त्याच रविवारी नीलम्मा नायगावहून आली. उंच, आवाजी बाई. आईचा दंड तिनं अंगठा आणि बोटाच्या कडीत धरून बघितला. कडी मिटली. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उज्वला, साठ लेकरं जेवू घालतीस म्हणं तू."

"बासष्ट, आक्का."

"बासष्ट. आन माझ्या आईच्या हाडाला कातडं चिकटलं."

केवळाबाईच्या हातातला डबा तसाच राहिला. उज्वलानं पोळी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली आणि मग बोलली. "आक्का, डबा चार वाजता ओट्यावर असतो. तुम्ही सवता उघडून बघा. एक शीत सापडलं तर मला बोला. माणूस खोटं बोलतं, डबा खोटं बोलत न्हाई."

नीलम्मा चारपर्यंत थांबली. डबा आला. तिनं झाकण काढलं, आत बघितलं, परत लावलं. शीत सापडलं नाही. "मंग रोगच हाय म्हणायचा काही तरी," असं पुटपुटत ती पाचच्या गाडीनं परत गेली. जिंकल्यासारखं वाटलं म्हणून उज्वलानं संध्याकाळी शिरा केला आणि अव्वाला जास्त वाढून पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं अव्वाचा डबा वाढवला. दोन पोळ्यांच्या चार केल्या. वरण घट्ट, त्यात तूप. शेंगदाण्याचा लाडू. वाटीभर दही. डबा रिकामाच येत राहिला. उज्वला दर सोमवारी अव्वाला केवळाबाईच्या घरातल्या काट्यावर उभं करायची. पस्तीस. साडेचौतीस. लाडवांचे दोन केले. चौतीस.

हे कोडं सुटलं ते बकरी ईदच्या आठवडाभर आधी.

मागच्या भिंतीपलीकडं सालेहाचं घर. तिचा नवरा जिलानी गाद्या भरायचा. अर्ध्या हॉस्टेलांतली पोरं त्याच्याच गाद्यांवर झोपायची. ईदसाठी त्यानं जानेवारीत एक बोकड आणला होता. तेव्हा तो मरतुकडा होता, जिलानीला लोक हसले होते. आता त्याच्या पाठीवर हात फिरवला तर हाड लागत नव्हतं. सालेहा त्याला बादशा म्हणायची.

त्या दिवशी ती खजूर घेऊन उज्वलाच्या दारात आली. "भाभी, हे तुमच्यासाठी. काल बादशाला काट्याला टांगलं. बेचाळीस किलो! जिलानी म्हणला, आधी खानावळवाल्या भाभीला शुक्रिया बोलून ये."

"मला कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमच्याच अन्नावर तर पोसला. तुमच्या आम्मा रोज दुपारी भिंतीवरून देत्यात की. तुपाची पोळी, वरण, आता तर महिना झाला लाडू बी येऊन राहिले. मी म्हणलं आम्मा, इतकं चांगलं कसं काय? तर म्हणल्या, पोरं टाकतेत, वाया जातंय, मुक्या जिवाच्या पोटात जाऊ दे." सालेहा हसली. "आम्ही मस्करी करतो घरात, ह्याला बी नीट द्यायला लावू म्हणून. दोन वर्षं तुमचा डबा खाल्ला तर डॉक्टरच होईल."

उज्वला हसली नाही. तिनं खजुराचं ताट घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि मागच्या खोलीकडं गेली.

अव्वा खाटेवर बसून होती. भिंतीच्या बाजूची खिडकी उघडी होती, आणि खिडकीखाली ती चढून उभी राहायची तो लाकडी पाट होता. तो पाट उज्वला रोज बघत होती. झाडताना उचलत होती.

"अव्वा, तुम्ही डबा बोकडाला घालता?"

अव्वानं तिच्याकडं बघितलं. नाकारलं नाही. "सालेहा सांगितली व्हय."

"का? काय कमी केलं मी? चव न्हाई का माझ्या हाताला? बासष्ट जण जेवतेत! मला सांगायचं तरी व्हतं, जात न्हाई म्हणून."

"सांगून काय करायचं व्हतं? भरल्याला डबा आला की तू कशी करतीस ते बघते की मी. त्या तेवीस नंबराच्या टायमाला तीन दिवस तू जेवली न्हाईस. वीरभद्रला तर तोंड उघडू देत न्हाईस. रिकामा गेला की घर निवांत ऱ्हातंय."  बोलण्यानंही तिला धाप लागत होती. "मला काय, दोन घोट चहा लई झाला. भूक कशी असती ते आता ध्यानातच येत न्हाई."

"बोकडाला घालायचं म्हणजे..."

"टाकून द्यायचं व्हय मग? अन्न हाय ते."

उज्वला खाटेच्या कडेला टेकली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी ती उठली नाही. अव्वाच पुढं बोलली, खिडकीबाहेर बघत.

"आन एक सांगू? झाकण काढलं की वास येतो. बटाट्याच्या भाजीचा, वाफंत कोंडल्याला. भूकंपात ट्रका यायच्या. पुरी-भाजीची पाकिटं. गरम गरम बांधून आणायचे लोक, लई चांगले लोक. रांगंत हुभं ऱ्हायाचं, हात पुढं करायचा. ह्यांना आन लेकराला ढिगाऱ्यातनं काढायचं चाललं व्हतं, आन म्या पाकीट उघडून खाल्लं. सगळं खाल्लं. भूक लागली व्हती ना. तवाचा वास हाय तो. ताटात वाढल्यावर येत न्हाई. डब्यात येतो."

त्या संध्याकाळी उज्वलानं वीरभद्रला गाठलं. "तुम्हाला ठावं व्हतं?"

वीरभद्र मोटरसायकलला टेकून उभा होता. "आम्ही पत्र्याच्या शेडमधी व्हतो तेव्हा ती पाकिटाला हात लावायची न्हाई. मीच खायचो तिचं बी."

"मग मला सांगितलं का न्हाई? आठवड्यातून चारदा बटाटा करते मी!"

"सव्वीस वर्षं झाली, उज्वला. मला वाटलं, विसरली असल."

"तुम्ही विसरलाव."



दुसऱ्या दिवशी उज्वलानं ज्वारीचं पीठ आणलं. घरात ज्वारी येऊन पाच वर्षं झाली होती, कारण पोरांना पोळीच लागायची. साडेबाराला तिनं बाकीचं सगळं केवळाबाईवर सोपवून एक पातळ भाकरी थापली, ताटात दूध घालून कुस्करली, बाजूला मेथीची पातळ भाजी वाढली आणि मागच्या खोलीत जाऊन अव्वासमोर मांडी घालून बसली. डॉक्टरनं सांगितलं होतं तशी. अव्वानं चार घास खाल्ले. मग उज्वलाच्या तोंडाकडं बघून आणखी दोन.

"तू कधी जेवतीस?" अव्वानं विचारलं.

"पाचला. हुभ्यानं."

"घे मग इथंच. एकटीच्या घशाखाली उतरत न्हाई."

उज्वलानं एक घास घेतला. तेवढ्यात बाहेर वीरभद्रचा हॉर्न वाजला. वीस डबे अजून भरायचे होते.

असं चार दिवस चाललं. सोमवारी काट्यावर अव्वा चौतीसच भरली. कमी झाली नाही, एवढंच. पण त्या चार दिवसांत डबे रोज वीस मिनिटं उशिरा गेले. क्लास दोनला सुरू व्हायचा. पोरं उपाशी गेली, आयांचे फोन आले, नऊ नंबर आणि एकतीस नंबर दुसऱ्या खानावळीकडं गेले. त्याच आठवड्यात पलीकडच्या नव्या हॉस्टेलनं एकदम एकोणीस पोरींचे डबे लावले. एकोणऐंशी डबे झाले.

पाचव्या दिवशी उज्वला ताट घेऊन खोलीत गेली, खाटेजवळ ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं आणि म्हणाली, "अव्वा, तुम्ही सुरू करा, मी आलेच." ती आली साडेतीनला. दुधात भाकरी फुगून बसली होती. सहाव्या दिवशीही तसंच झालं. सातव्या दिवशी ताट ठेवायला जायलाही जमलं नाही. तिनं भाकरी, दूध आणि भाजी डब्यात भरली आणि केवळाबाईच्या हाती दिली. बटाटा नव्हता. एवढं तिनं पाळलं.

चार वाजता अव्वाचा डबा ओट्यावर आला. भरलेला. भिंतीपलीकडं आता बोकड नव्हता, आणि असता तरी अव्वाला आता सोंग करायचं कारण राहिलं नव्हतं. उज्वला उघडा डबा हातात धरून उभी राहिली. तेवीस नंबरच्या वेळी ती कणकेचे हात पुसत निघाली होती. आता जायचं अंतर वीस पावलांचं होतं, आणि संध्याकाळच्या कणकेचं घमेलं पायाशी होतं.

ती कणीक मळायला बसली.

रविवारी नीलम्मा जीप घेऊनच आली. वीरभद्रनं तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, बोकडासकट. उज्वलाला वाटलं, आता गल्ली गोळा होईल. पण नीलम्मा या वेळी ओरडली नाही. तिनं आईची चार लुगडी गाठोड्यात बांधली आणि फक्त एवढंच म्हणाली, "बोकड बेचाळीस किलो, माय चौतीस."

"आक्का, मला आठ दिवस द्या," उज्वला म्हणाली. "एक बाई बघून राहिले मी पोळ्यांना. ती आली की दुपारी मी मोकळी. मी बसते त्यांच्याजवळ."

"कोण बाई?"

बाई अजून सापडली नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक घरात खानावळ होती, पोळ्या लाटणारा हात कुणाचाच रिकामा नव्हता. उज्वला अव्वाकडं वळली. "अव्वा, तुम्ही सांगा. ऱ्हाता न्हवं?"

अव्वा जीपच्या दाराला धरून उभी होती. तिनं सुनेच्या गालावरून हात फिरवला, बोटं काडीसारखी. "जाते माय. तुझा एक डबा कमी."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर उज्वलाला सोपं गेलं असतं.

जीप सुरू व्हायच्या आत उज्वला धावत स्वयंपाकघरात गेली. सकाळी थापलेल्या दोन पातळ भाकरी, शेंगदाण्याची बारीक कुटलेली चटणी, घट्ट दही, मेथीची भाजी. भांड्यासाठी हात फळीवर गेला आणि जो हाताला आला तो डबा तिनं भरला. जीपच्या खिडकीतून आत देताना तिला नाव दिसलं. परत घ्यायची सोय नव्हती. अव्वानं डबा मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला.

तीन दिवस फोन आला नाही. वीरभद्रनं केला तर नीलम्माच्या नवऱ्यानं उचलला, "हायत, बऱ्या हायत," म्हणाला.

चौथ्या दिवशी बिलोलीहून नायगावमार्गे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ डबा आला. खेड्यांतून पोरांचे डबे रोज असेच एसटीनं लातूरला येतात, त्यातच हाही होता. वीरभद्रनं स्टँडवरून आणला आणि ओट्यावर ठेवला. उज्वलानं हात पुसले. झाकण काढलं.

डबा रिकामा होता. घासलेला, धुतलेला, कोरडा केलेला. साबणाचा वास येत होता. उज्वलानं तो उजेडाकडं धरला, तळ बघितला, कडेच्या खाचेत नख फिरवलं. कुठं काही नव्हतं. हा डबा काय सांगतोय ते तिला वाचता येईना.

तिनं नीलम्माला फोन लावला. या वेळी नीलम्मानंच उचलला.

"आक्का, डबा मिळाला. खाल्लं का अव्वानं? भाकरी खाल्ली का?"

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. दूर कुणीतरी खोकलं. ते अव्वाचं खोकणं होतं की दुसऱ्या कुणाचं, कळलं नाही.

"रिकामाच आलाय की न्हाई?" नीलम्मा म्हणाली.

"हाव, पण खाल्लं कुणी? अव्वानं खाल्लं का?"

"मला काय विचारतीस, उज्वला? डब्याला विचार. डबा खोटं बोलत न्हाई."

फोन बंद झाला. एकला दहा मिनिटं कमी होती. दारात हॉर्न वाजला, आणि एकोणऐंशी डब्यांत वरण पडायचं राहिलं होतं.